बसेल

मंगळवारी डिस्क बदलल्या, पॅड बदलले,
नाना पेठेत इलियासभाईंच्या हातावर
सहा हजार तीनशे मोजले,
वरचे तीनशे औषधाच्या बिलात गुंडाळलेले सापडले,
आणि बुधवारी वारज्याच्या सिग्नलला
गाडी किंचाळली.

भरलं पातेलं फरशीवरून ओढावं तशी,
शेवटच्या पाच हातांवर, थांबता थांबता.
शेजारचा रिक्षावाला वाकून चाकाकडे बघत म्हणाला,
"ताई, जीव घेताय काय तिचा?"

इलियासभाई फोनवर शांत.
"नवीन आहे. बसेल."

हे वाक्य मला पाठ आहे.
कोथरूडच्या कार्यालयाबाहेर, अक्षता अजून केसांत असताना,
थोरली मावशी कानाशी हेच म्हणाली होती.
नवीन आहे, बसेल.
सोळा वर्षं वाट पाहिली.
ब्रेकसाठी एवढं कोण थांबतं.

रविवारी पहाटे सूसच्या रस्त्याला गेले.
साठवरून दहावर. पुन्हा साठ, पुन्हा दहा.
पूर्ण थांबायचं नाही, असं सांगितलं होतं,
तापलेलं पॅड एका जागी दाबून धरलं
तर डिस्कवर त्याचा डाग राहतो.
वीस वेळा.
फिरायला आलेले दोघे कानटोपीवाले कडेला सरून बघत राहिले,
ही बाई काहीतरी विसरलीय,
आठवतंय, पुन्हा विसरतेय.
इस्त्री कापडावर राहून गेल्यासारखा वास आला.
परतताना शांत. पाषाणपर्यंत अगदी शांत.
मग एक मांजर आडवं गेलं
आणि ती पुन्हा.

आठवडाभर तशीच हिंडवली.
रात्री साडेदहाला लॅबमधून सुटून
सोसायटीपाशी वळले की ओरडायची.
वॉचमन देवरे डोळे न उघडताच गेट उघडायचे.
तळमजल्यावरचे केतकर खिडकी लावून घ्यायचे,
लागते त्याहून जरा जोरात.

शनिवारी चाक काढलं.
इलियासभाईंचा भाचा जुनैद, नुकतं मिसरूड फुटलेला,
पॅडची पाठ बोटानं चाचपून म्हणाला,
"मामू, शिम कुठंय?"

पाना खाली ठेवल्याचा आवाज.

भंगाराच्या डब्यात निघाल्या,
जुन्या पॅडांच्या पाठीला चिकटलेल्या,
नखाहून पातळ पत्र्याच्या चकत्या.
काहीच करत नव्हत्या, म्हणून फेकलेल्या.
"हिच्याशिवाय पॅड थरथरतं," जुनैद म्हणाला,
"आवाज म्हणजे ती थरथरच."
चकत्या रॉकेलनं धुतल्या, पुसल्या, बसवल्या.
कुल्फीच्या काडीनं मागून ग्रीस लावलं,
कानशीनं पॅडच्या धारदार कडा मोडल्या,
आणि डिस्कला तेलकट बोट लावू नका
म्हणून मामूवरच खेकसला.
इलियासभाईंनी पैसे घेतले नाहीत.
चहा मागवला, पहिला ग्लास जुनैदला दिला.

सोमवारी रात्री गाडी गेटवर वळली
आणि काहीच झालं नाही.
देवरे खुर्चीत पेंगत राहिले, मीच उतरून गेट ढकललं.
दुसऱ्या मजल्यावर किल्ली फिरवली,
दार बोटभर उघडलं.

शाल्मली ओट्याला टेकून उभी, फोन स्पीकरवर,
हसून हसून डोळे पुसत,
"बाबा, मग पुढे काय झालं, सांग ना."
आणि त्याचा आवाज, माझ्या डाळी-पोह्यांच्या डब्यांवरून,
कुठल्याशा ऑफिसातल्या माकडाची गोष्ट रंगवत होता.
रंगवतो बरी. ते मी कोर्टातही नाकारलं नव्हतं.

म्हणजे रोज,
गेटपासून दारापर्यंत मला जेवढा वेळ लागतो
तेवढ्यात ती फोन ठेवायची,
चेहरा धुवायची, रसायनशास्त्र उघडायची,
आणि मी आत येऊन विचारायचे,
झाला का गं अभ्यास.

दार होतं तसं ओढून घेतलं.
चपला हातात घेऊन खाली आले.
गाडीत बसले, काचा वर करून,
माकडाचं काय झालं असेल याचा विचार करत.
वीसेक मिनिटांनी उतरले आणि दार लावलं,
केतकरांची तावदानं हलतील इतक्या जोरात,

मग जिना सावकाश चढले.